यादीत नसलेली डिस्क

रायगडमधल्या कोलाड, रोहा, माणगाव या पट्ट्यात चार टेराबाइटची हार्ड डिस्क आजच्या आज हवी असेल, तर संगणकाच्या दुकानापेक्षा सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडे ती मिळण्याची शक्यता जास्त. मुंबई-गोवा महामार्गालगतची हॉटेलं, कुंडलिका नदीकाठचे रिसॉर्ट, धाटावच्या एमआयडीसीतले कारखाने, सगळीकडे कॅमेरे आहेत आणि प्रत्येक रेकॉर्डरच्या पोटात एक डिस्क फिरते आहे. हीच डिस्क घरच्या नॅसमध्ये घातली, की लॅपटॉपच्या पडद्यावर इशारा उमटतो: ही डिस्क सुसंगत यादीत नाही. रॅम वाढवायला गेलं तरी तेच. मग माणूस एक तर घाबरून यादीतली महाग वस्तू मागवतो, नाही तर इशाऱ्याकडे डोळेझाक करून पुढे जातो. यातलं योग्य काय, हे तो इशारा कशामुळे आला यावर ठरतं, आणि ते शोधून काढणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे.

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला एक छोटा संगणक. त्याला स्वतःचा पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. दोन-चार डिस्क घेऊन तो कपाटात बसतो आणि घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एक सामायिक जागा देतो. दोन डिस्कवर तीच माहिती दोनदा लिहिली, की एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. कोलाडला याची गरज कुठून आली, हे नदीवर गेलं की कळतं. १९२७ पासून चालू असलेल्या टाटांच्या भिरा वीजगृहातून सकाळी पाणी सुटतं आणि त्या पाण्यावर राफ्ट निघतात. हल्ली बऱ्याच राफ्टवर कॅमेरा असतो. ६० मेगाबिट वेगाने होणारं फोर-के चित्रण तासाला २७ गिगाबाइट जागा खातं. चार कॅमेरे दीड तास चालले तर १६२ गिगाबाइट. ५० मेगाबिट अपलोड असलेल्या जोडणीवर एवढा ऐवज क्लाउडवर चढवायला सात तासांहून जास्त वेळ लागतो, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाणी सुटतं. असं काम करणाऱ्यांनी, लग्नाचं चित्रण करणाऱ्यांनी, किंवा आजोबांच्या काळापासूनचे फोटो आणि सातबारे स्कॅन करून ठेवलेल्या घरांनी डिस्क घरातच ठेवावी, हे मला पूर्ण पटतं. म्हणूनच ती डिस्क कोणती असावी याबद्दल इतकं बारकाईने बोलायला हवं.

एखादी वस्तू यादीत नसण्याची कारणं तीन असतात. ती त्या नॅसच्या बॉक्समध्ये खरोखरच चालत नाही, हे एक. कंपनीने ती कधी तपासूनच पाहिली नाही, हे दुसरं. आणि कंपनीला ती चालू द्यायचीच नाही, हे तिसरं. पडद्यावर तिन्ही वेळा इशारा सारखाच दिसतो. फरक कळायला एक उदाहरण घेऊ. कोलाड स्थानकात २६ जानेवारी १९९९ पासून मालट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. ट्रक चढवण्याआधी त्याची उंची आणि वजन बघावंच लागतं, कारण उंची जास्त झाली तर पुढच्या बोगद्याशी वाद घालता येत नाही. पण ट्रक अमक्या कंपनीचा नाही म्हणून तो परत पाठवला, तर त्या नकाराचा बोगद्याशी काही संबंध नसतो. आपल्या बॉक्सचा नकार यातल्या कुठल्या जातीचा आहे, एवढं ओळखायचं.

बॉक्सला डिस्क ओळखू कशी येते? वीज मिळाल्यावर बॉक्स डिस्कला एक ठरावीक आज्ञा पाठवतो आणि डिस्क ५१२ बाइटचं उत्तर देते. त्यात तिचा मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, आतल्या फर्मवेअरची आवृत्ती, सेक्टरचा आकार, तिला कोणकोणत्या आज्ञा कळतात याचा तपशील असतो. मग बॉक्सची प्रणाली हा मॉडेल क्रमांक स्वतःजवळच्या एका फाइलशी ताडून पाहते. ही फाइल म्हणजेच ती यादी. नाव सापडलं तर हिरवा रंग, नाही सापडलं तर इशारा. या ताडणीत डिस्कची कुठलीही प्रत्यक्ष चाचणी होत नाही, फक्त नाव बघितलं जातं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा २०२५ मध्ये मिळाला. सिनॉलॉजी या नावाजलेल्या कंपनीने एप्रिलमध्ये जाहीर केलं, की त्या वर्षीच्या प्लस मालिकेतल्या बॉक्समध्ये नवा साठा तयार करायचा तर कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिने प्रमाणित केलेल्या डिस्कच लागतील. त्याआधीच्या घरगुती मॉडेलांत इशारा यायचा, पण काम अडत नसे. आता ते अडू लागलं. वापरणाऱ्यांनी जगभर नाराजी व्यक्त केली आणि ऑक्टोबरमध्ये, तिच्या डीएसएम प्रणालीच्या ७.३ या आवृत्तीबरोबर, साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि अडीच इंची, साटा जोडणीच्या एसएसडीवरची ही अट मागे घेतली गेली. एम-डॉट-टू जातीच्या, पट्टीसारख्या एसएसडींसाठी ती राहिली. मधल्या सहा महिन्यांत अट बदलली ती सीगेट किंवा वेस्टर्न डिजिटल या उत्पादकांच्या डिस्क बदलल्या म्हणून नव्हे. सिनॉलॉजी स्वतः हार्ड डिस्क बनवत नाही, तिच्या नावाच्या डिस्क सीगेट आणि तोशिबाच्या कारखान्यांतून येतात, फर्मवेअर आणि लेबल वेगळं असतं. म्हणजे हा नकार तिसऱ्या जातीचा होता. कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी: ठरावीक डिस्क असल्या की बिघाड शोधणं सोपं जातं. पण घरच्या माणसाने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या डिस्कला दार बंद करणं योग्य नव्हतं, आणि ती अट गेली हे चांगलं झालं.

क्यूनॅपसारख्या कंपन्या यादी छापतात, पण सहसा वाट अडवत नाहीत. जुन्या संगणकावर ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा अनरेड ही प्रणाली चढवली तर अशी यादी जवळजवळ नसतेच, साटाची कुठलीही धड डिस्क चालते. तिथे मग तपासणीची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

आता पहिल्या जातीकडे, म्हणजे जिथे डिस्क खरोखरच घात करते. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे ती लिहिण्याची पद्धत, आणि ती डिस्कच्या खोक्यावर बहुतेक वेळा छापलेली नसते.

हार्ड डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल गोल रेघांमध्ये लिहिली जाते. लिहिणारं टोक रुंद असतं, वाचणारं टोक अरुंद. जुन्या पद्धतीत, जिला सीएमआर म्हणतात, प्रत्येक रेघेला तिची पूर्ण रुंदी मिळते आणि कुठलीही एक रेघ शेजारणीला धक्का न लावता पुन्हा लिहिता येते. एसएमआर पद्धतीत नवी रेघ आधीच्या रेघेच्या काही भागावर चढवून लिहितात. वाचणारं टोक अरुंद असल्यामुळे उरलेल्या पट्टीवरूनही वाचता येतं, आणि तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती मावते. अडचण बदल करताना येते. मधली एक रेघ बदलायची तर तिच्यावर चढलेली पुढची रेघ बिघडते, ती नीट करायची तर तिच्या पुढची, असं करत तो सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. म्हणून अशा डिस्कमध्ये एक राखीव भाग असतो. नवी माहिती आधी तिथे पटकन लिहून ठेवायची आणि डिस्कला सवड मिळाली की सावकाश मूळ जागी न्यायची.

घरच्या संगणकात ही युक्ती उत्तम चालते, कारण तिथे सवड भरपूर असते. नॅसमध्येही पहिले काही महिने काहीच जाणवत नाही. मग एक दिवस दोनपैकी एक डिस्क जाते, तुम्ही नवी घालता आणि बॉक्स उरलेल्या डिस्कवरची सगळी माहिती नव्या डिस्कवर उतरवू लागतो. चार टेराबाइट, १५० मेगाबाइट सेकंदाला या वेगाने, म्हणजे साडेसात तास अखंड लेखन, आणि मध्येमध्ये बॉक्सचं रोजचं विखुरलेलं लेखनही. एसएमआर डिस्कचा राखीव भाग यात लवकरच भरतो, सवड मिळत नाही आणि वेग कोसळतो. २०२० च्या एप्रिलमध्ये उघडकीला आलं, की वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ग्राहकांना ते सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर झालेल्या एका जाहीर तुलनेत, झेडएफएस या फाइल प्रणालीच्या साठ्यात चार टेराबाइटच्या सीएमआर डिस्कांनी जे काम एका दिवसाच्या आत संपवलं, त्याला एसएमआर रेडने नऊ दिवसांहून जास्त घेतले. या नऊ दिवसांत माहितीची एकच प्रत शिल्लक असते. त्या वेळी दुसरी डिस्क गेली तर सगळं गेलं.

कंपनीने नंतर नावं वेगळी केली: साधी रेड एसएमआर, रेड प्लस आणि रेड प्रो सीएमआर. सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन-३०० या सीएमआर आहेत. दुकानात सर्रास मिळणारी सीगेटची चार टेराबाइटची बॅराकुडा, मॉडेल एसटी४०००डीएम००४, एसएमआर आहे. हे लक्षात घ्या, की इथे रेड यादीतली होती तरी त्रास झाला. यादी आणि योग्यता या दोन गोष्टी दोन्ही बाजूंनी वेगळ्या पडू शकतात. डिस्क विकत घेण्यापूर्वी तिचा पूर्ण मॉडेल क्रमांक दुकानदाराकडून मागून घ्या, मालिकेचं नुसतं नाव पुरत नाही, आणि तो उत्पादकाच्या तक्त्यात पाहा. तिन्ही मोठ्या उत्पादकांनी आता हा तपशील उघड केलेला आहे.

दुसरा खरा फरक वेळेचा आहे. तबकडीवरची एखादी जागा नीट वाचता येईना, की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. डेस्कटॉपच्या डिस्कला वाटतं की माहितीची हीच एकमेव प्रत आहे, म्हणून ती मिनिट-दोन मिनिटंही झगडत राहते. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकते आणि बॉक्सला कळवते, की हे मला जमत नाही, दुसऱ्या डिस्कवरून घे. लिनक्स डिस्कच्या उत्तरासाठी मुळात ३० सेकंद थांबतं. डेस्कटॉपची डिस्क त्याहून जास्त वेळ गप्प राहिली, की बॉक्स ती मेली असं समजून तिला साठ्यातून बाहेर काढतो. डिस्क धडधाकट असते, फक्त एका सेक्टरपाशी अडलेली असते. काही डिस्कना ही सात सेकंदांची मर्यादा आज्ञा देऊन लावता येते, मात्र बऱ्याच डिस्क वीज गेली की ती विसरतात, त्यामुळे ही आज्ञा प्रत्येक वेळी बॉक्स सुरू होताना चालवण्याची सोय करावी लागते. जी डिस्क ही आज्ञा मानतच नाही, तिच्यासाठी लिनक्सची वाट पाहण्याची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवतात.

तिसरी गोष्ट सवयीची. वीज वाचवण्यासाठी बनवलेल्या काही डिस्क जरा काम थांबलं, की वाचणारं टोक बाजूला नेऊन ठेवतात. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या ग्रीन डिस्क आठ सेकंदांत असं करायच्या. नॅसची प्रणाली दर थोड्या वेळाने काहीतरी नोंद लिहीतच असते. समजा दर ३० सेकंदांनी लिहिते, तर टोक दिवसातून २,८८० वेळा जातं-येतं. अशा डिस्कची मर्यादा साधारण तीन लाख फेऱ्यांची, ती साडेतीन महिन्यांत गाठली जाते. जुन्या संगणकातून काढलेली ग्रीन डिस्क नॅसमध्ये घालायचा मोह होतो, म्हणून हे सांगितलं.

बाकीचे अडथळे पटकन दिसतात. बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली डिस्क कधी कधी जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाही. नव्या साटा नियमानुसार विजेच्या जोडणीतल्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले, की डिस्कने बंद राहायचं असतं, आणि जुना सप्लाय तिथे कायम ३.३ व्होल्ट देतो. ती पिन उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने झाकली की डिस्क सुरू होते. खिशात मावणाऱ्या बऱ्याच अडीच इंची डिस्कमध्ये मात्र यूएसबीची जोडणी मूळ पट्टीवरच केलेली असते, तिला साटा पोर्ट नसतोच, ती उघडण्यात अर्थ नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त डिस्क मिळतात, त्यांत सॅस जातीच्या पुष्कळ असतात. सॅसची जोडणी साटाच्या खाचेत बसत नाही, आणि ती न बसणं मुद्दाम आहे, आतले विद्युत संकेत वेगळे असतात. तिथे जबरदस्ती करू नका.

राहिली सीसीटीव्हीची डिस्क, आपल्याकडे सगळ्यात सहज हाताला लागणारी. तिच्याबद्दल एक समज आहे, की ती चुका दुरुस्त करत नाही, चित्राचा एखादा तुकडा गळाला तर गळू देते, म्हणून फोटो-कागदपत्रांना धोक्याची. यात अर्धं तथ्य आहे. चित्रण अखंड राहावं म्हणून या डिस्कना काही खास आज्ञा कळतात, ज्यांत वेळेला अचूकतेपेक्षा वरचं स्थान असतं. पण त्या आज्ञा रेकॉर्डरने दिल्या तरच लागू होतात. नॅस साध्या वाचन-लेखनाच्या आज्ञा देतो आणि तेव्हा ही डिस्क इतर डिस्कसारखीच वागते. ती चोवीस तास फिरण्यासाठी बनवलेली असते, उलट डेस्कटॉपच्या बॅराकुडाला उत्पादकाने वर्षाला २,४०० तासच धरलेले आहेत, आणि वर्षाचे तास ८,७६०. माझं मत विचाराल तर साध्या डेस्कटॉप डिस्कपेक्षा सीसीटीव्हीची डिस्क घरच्या नॅसला बरी. फक्त मॉडेल क्रमांक पाहून ती सीएमआर असल्याची खात्री करायची आणि ती नवी असावी. रेकॉर्डरमध्ये तीन-चार वर्षं रात्रंदिवस लिहून झालेली उतरवलेली डिस्क घेऊ नये.

रॅमकडे वळताना आधी गरज तपासा. घरातल्या चार-पाच जणांच्या फायली सांभाळायला दोन गिगाबाइटही पुरतात. फोटोंतले चेहरे ओळखणं, डॉकरमध्ये वेगवेगळी ॲप चालवणं असलं काही सुरू केलं की मात्र बॉक्स धापा टाकू लागतो. प्रणालीच्या माहितीपटलावर रॅम सतत भरलेली दिसते आणि डिस्कवर स्वॅपचं लेखन चालू आहे असं दिसलं, तरच वाढवा. २०२५ च्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नॅसमध्ये यादीबाहेरची रॅम घालणारे वर्षानुवर्षं याच नावावर भिस्त ठेवत आले. त्यामुळे पुढे नाव बघून घेण्यापेक्षा स्टिकवरचे आकडे वाचता येणं जास्त उपयोगी पडणार आहे.

ते आकडे असे. डीडीआर-३ची लॅपटॉप आकाराची स्टिक २०४ पिनांची, डीडीआर-४ची २६० पिनांची, आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची पिढी बसतच नाही. विजेचा दाब मात्र डोळ्यांना दिसत नाही. डीडीआर-३एल १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर-३ १.५ व्होल्टवर, दोन्ही एकाच खाचेत बसतात आणि कमी दाबाचा बॉक्स साध्या स्टिकवर उठत नाही किंवा मधूनच बंद पडतो. मग ईसीसीचा प्रश्न, म्हणजे चूक स्वतः ओळखून दुरुस्त करणारी रॅम. बॉक्समध्ये ईसीसी असेल तर दुसरी स्टिकही ईसीसीच घ्या, सरमिसळ केली तर बॉक्स उठणार नाही किंवा ते संरक्षण गमावून चालेल. शेवटी चिपची घनता. आठ गिगाबाइटच्या दोन स्टिक, एकीवर १६ चिप आणि दुसरीवर आठ, यांतली पहिली जुन्या बॉक्सला ओळखू येते आणि दुसरी येत नाही, असं होऊ शकतं, कारण जुन्या नियंत्रकाला इतकी दाट चिप माहीतच नसते.

दुसऱ्या जातीचं, म्हणजे कुणी तपासलंच नाही या जातीचं, उत्तम उदाहरण सिनॉलॉजीच्या डीएस-९२०प्लसमध्ये आहे. त्यातल्या इंटेल सेलेरॉन जे-४१२५ प्रोसेसरची छापील कमाल मर्यादा आठ गिगाबाइट. चार गिगाबाइट रॅम पट्टीवरच डकवलेली, एक खाच मोकळी. त्या खाचेत १६ची स्टिक घालून एकूण २० गिगाबाइटवर हा बॉक्स चालवणारे जगभर खूप आहेत. प्रोसेसरमधला नियंत्रक त्याहून मोठी जागा हाताळू शकतो, इंटेलने त्याची हमी दिलेली नाही एवढंच. अशी स्टिक घालायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती न तपासता घालायला.

रॅमच्या बाबतीत मी डिस्कपेक्षा कडक आहे, आणि त्याला कारण आहे. बिघडणारी डिस्क बऱ्याचदा आधी खुणा देते. बिघडलेली रॅम गुपचूप नुकसान करते. फोनवरून निघालेला फोटो नॅसमध्ये आधी रॅममध्ये उतरतो. बीटीआरएफएससारखी फाइल प्रणाली तिथेच त्याची पडताळणी-संख्या काढते आणि मग दोन्ही डिस्कवर लिहिते. ती संख्या काढण्याआधीच रॅममध्ये एखादा बिट उलटला, तर बिघडलेल्या फोटोची बरोबर जुळणारी पडताळणी-संख्या तयार होते आणि तोच फोटो दोन्ही डिस्कवर जातो. पुढे कुठलीही तपासणी त्याला पकडू शकत नाही. काही महिन्यांनी फोटो उघडला, की खालचा अर्धा भाग करडा. तोवर फोनमधली मूळ प्रत पुसलेली असते.

म्हणून नवी स्टिक घातल्यावर पहिली रात्र फक्त तपासणीला द्या. ज्या बॉक्सला पडदा जोडता येतो तिथे मेमटेस्ट८६ चालवायचं, निदान चार पूर्ण फेऱ्या. सिनॉलॉजीच्या बॉक्ससाठी संगणकावर चालणारं सिनॉलॉजी असिस्टंट आहे, त्यात रॅमची चाचणी सुरू करता येते. स्टिक नुसती लॅपटॉपमध्ये तपासली तर स्टिक चांगली आहे एवढंच कळतं, ती या बॉक्सच्या नियंत्रकाशी जुळते का ते कळत नाही. एकही चूक आली तर स्टिक परत करायची. एखाददुसरी चूक चालते, असं रॅममध्ये नसतं. मूळ स्टिक काढावी लागली असेल तर ती जपून ठेवा, वॉरंटीसाठी बॉक्स द्यायची वेळ आली तर तीच परत बसवावी लागते.

डिस्कची तपासणी जास्त वेळ खाते, पण तिला माणूस लागत नाही. आधी डिस्कची स्वतःची स्मार्ट चाचणी, विस्तारित प्रकारची, चार टेराबाइटला सात-आठ तास. नंतर बॅडब्लॉक्स नावाच्या लिनक्सच्या साधनाने पूर्ण डिस्कवर चार वेगवेगळ्या नमुन्यांत लिहून परत वाचायचं. चार लेखनं आणि चार वाचनं, मिळून अडीच दिवसांच्या आसपास. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे हे रिकाम्या डिस्कवरच. एसएमआर डिस्क लेबलावरून ओळखू आली नसेल तर इथे संशय घेता येतो: बॉक्सच्या रोजच्या कामासारखं विखुरलेलं लेखन बराच वेळ चालू ठेवलं, की तिचा वेग अचानक काही मेगाबाइटवर घसरतो. शेवटी स्मार्टच्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहा. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हव्यात. १९९ वाढत असेल तर बहुधा केबल किंवा जोडणी सैल आहे, डिस्कचा दोष नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्यामुळे यादीबाहेरच्या डिस्कवर अशी पहिली चूक दिसताच ती बदलायची, वाट बघायची नाही.

तिसऱ्या जातीचा नकार असेल, म्हणजे डिस्क चांगली आणि फक्त यादी अडवते आहे, तर तो ओलांडण्याचा मार्गही आहे. यादी ही बॉक्समधली एक फाइलच असल्यामुळे तिच्यात आपल्या डिस्कचं नाव भरता येतं, आणि हे काम करणाऱ्या मुक्त स्क्रिप्ट इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत. स्क्रिप्ट चालवण्याआधी ती खरोखर वाचा किंवा वाचू शकणाऱ्याला दाखवा, कारण ती बॉक्सच्या सर्वोच्च अधिकाराने चालते. प्रणालीची नवी आवृत्ती आली की यादी पुन्हा मूळ रूपात येऊ शकते, तेव्हा स्क्रिप्ट बॉक्स सुरू होताना आपोआप चालेल अशी व्यवस्था लागते. प्रणाली अद्ययावत करण्याआधी बॅकअप घ्यायचा, हा नियम अशा बॉक्सला दुप्पट लागू होतो. आणि काय गमावतो तेही स्पष्ट असू द्या: डिस्कचं फर्मवेअर बॉक्समधून आपोआप सुधारत नाही आणि बिघाड झाला तर कंपनीचा मदत विभाग आधी ती डिस्क काढायला सांगेल. ज्या घरात हे सगळं करणारा एकच माणूस आहे आणि तो आठवडाभर मुंबईला नोकरीवर असतो, तिथे यादीतली डिस्क घ्यावी असं मी सांगेन. वाचलेले पैसे त्या घरातल्या बाकीच्यांच्या अडचणीतून वसूल होतात.

हे सगळं करूनही कोलाडमध्ये दोन गोष्टी उरतात, वीज आणि ओल. पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि लेखन चालू असताना अचानक बंद पडणं कुठल्याही डिस्कला वाईट. बॉक्सला यूएसबीने जोडता येणारा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की बॉक्स स्वतः नीट बंद होतो. यूपीएसच्याही याद्या असतात आणि तिथेही तोच विचार लागू पडतो: यूएसबीवरून बोलण्याची सामायिक भाषा येणारा यूपीएस यादीत नसला तरी बहुधा ओळखला जातो, पण ज्याच्या मागे माहितीचा पोर्टच नाही तो कधीच ओळखला जाणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या कितीतरी गावांत वीज यायला दिवसच्या दिवस लागले. अशा खंडानंतर बॉक्स लगेच सुरू करू नये. चालू असलेला बॉक्स खोलीपेक्षा उबदार असल्यामुळे कोरडा राहतो, बंद पडलेला ओल धरतो, आणि डिस्कचे उत्पादक दमट हवा चालेल म्हणतात ती पाणी साचत नाही या अटीवरच. आधी खोली कोरडी करा, पंखा लावा, मग कळ दाबा. बॉक्स जमिनीलगत ठेवू नका, नदीकाठच्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

दोन डिस्कवरची जुळी प्रत हा बॅकअप नसतो. पूर, वीज कोसळणं, चुकून पुसलेला फोल्डर, यात दोन्ही प्रती एकदमच जातात. तिसरी प्रत गावाबाहेर हवी, पुण्याला किंवा मुंबईला नातेवाइकांकडे. आणि वर ज्या डिस्क नॅससाठी नाकारल्या, त्यांना इथे जागा आहे. एसएमआर बॅराकुडा, जुनी ग्रीन, खोक्यातली यूएसबी डिस्क, या तपासणीत चांगल्या निघाल्या असतील तर महिन्यातून एकदा सगळं उतरवून घ्यायला पुरेशा आहेत. सलग एकदा लिहायचं आणि काढून ठेवायचं, एवढंच काम त्यांना असतं, आणि ते त्यांना जमतं. डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा. गणपतीला किंवा होळीला घरचे एकत्र येतात तेव्हा ती डिस्क परत आणवा, लॅपटॉपला जोडा आणि वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरांतले चार-सहा फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत, एखादा स्कॅन केलेला सातबारा उघडून बघा. सगळं उघडलं तर नवं त्यावर उतरवून ती पुन्हा पाठवून द्या.